आधी डोळ्याची रेषा, मग माणूस : अॅनिमेशन शिकणाऱ्यांसाठी पर्स्पेक्टिव्ह आणि झटपट स्केचिंग

एलिमेंटरीला ए ग्रेड, इंटरमिजिएटला ए ग्रेड, आणि तरीही जळगावच्या बसस्टँडवर उभा असलेला एक कंडक्टर मला धड काढता आला नाही. वस्तुचित्राच्या पेपरात मांडलेलं मडकं आणि वांगी जागची हलत नाहीत. कंडक्टर हलतो. मी त्याच्या बुटांपर्यंत पोचेस्तोवर तो गाडीत चढून डबल बेल देऊन गेलासुद्धा.

तेव्हा मी नुकताच अॅनिमेशनच्या क्लासला लागलो होतो. तिथं पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअर, कागद नावालाच. वर्षभरानं माझं कॅरॅक्टर चालायला लागलं खरं, पण जमिनीच्या वीतभर वरून. सरांनी सांगितलं, बॅकग्राउंडचं पर्स्पेक्टिव्ह सुधार. मी सुधारलं. कॅरॅक्टर तरंगतच राहिलं. चूक कुठं होती ते फार उशिरा कळलं : माणूस काढायला मी एका वहीत शिकलो आणि रस्ता, घर, खोली दुसऱ्या वहीत. दोन्ही कधी एका कागदावर भेटलेच नाहीत. तुम्ही ही चूक करू नका. खाली दिलेल्या सगळ्या सरावात माणूस आणि जमीन एकत्रच काढायची आहे, अगदी तीस सेकंदांच्या स्केचमध्येसुद्धा.

साहित्य

बॉलपेन, परीक्षेचं क्लिपवालं पॅड आणि पाठकोरे कागद. झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा सहज मिळतो. महागडी स्केचबुक सुरुवातीला घेऊ नका, तिचं पान खराब होईल या भीतीनं हात आखडतो. खोडरबर घरी ठेवा. पेन्सिल चालेल, पण रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी मारायची, पहिली पुसायची नाही.

पहिली पायरी : आपला डोळा किती उंचीवर आहे?

पर्स्पेक्टिव्हला मराठी पुस्तकांत यथार्थदर्शन म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण सुरुवात एका आडव्या रेघेनं होते : क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या उंचीची रेघ. समोर इमारती असल्या, झाडं असली, तरी ती असतेच, फक्त दिसत नाही. ती शोधायची तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली डोळ्यासमोर सरळ धरा आणि वरखाली करा. पाण्याचा पृष्ठभाग ज्या उंचीला गोल न दिसता नुसती रेघ दिसेल, तीच तुमची रेषा. त्या रेषेवर समोर काय येतं ते बघून ठेवा : खांबावरची पाटी, दुकानाचं शटर, काहीही.

सरावाला भुसावळ जंक्शनसारखी जागा नाही. प्लॅटफॉर्म तिकीट काढा. ते दोन तास चालतं, आणि आपल्याला तेवढेच पुरतात. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी उभे राहून लांबवर बघा. रूळ, प्लॅटफॉर्मची कड, पत्र्याच्या शेडची कड, उभ्या गाडीच्या खिडक्यांची ओळ, सगळं एका ठिकाणी जाऊन मिळतं. तो व्हॅनिशिंग पॉइंट, आणि तो तुमच्या डोळ्याच्या रेषेवरच असतो. रेषेच्या वरच्या कडा खाली उतरत जातात, खालच्या वर चढत जातात. एवढं एक वाक्य पाठ झालं तरी अर्धं काम झालं.

आता तीच जागा तीनदा काढा : उभे राहून, बाकावर बसून आणि पादचारी पुलावरून. प्रत्येकी पाच मिनिटं, जास्त नाही. पुलावरून काढताना शेडचं छप्पर तुमच्या रेषेच्या खाली गेलेलं दिसेल आणि त्याचा वरचा पत्रा दिसायला लागेल. वाचून हे पटकन समजतं, पण हाताला समजायला तीन कागद लागतात.

दुसरी पायरी : माणसं रेषेवर टांगा

ही पायरी घाईत उरकू नका.

तुम्ही उभे आहात आणि जमीन सपाट आहे. मग तुमच्याच उंचीची जी जी माणसं उभी आहेत, जवळची असोत की पार टोकाची, त्या सगळ्यांचे डोळे तुमच्या रेषेवर येतात. कोणाचंही डोकं वरखाली होत नाही, फक्त पाय वरखाली होतात. जवळच्याचे पाय कागदाच्या तळाशी, लांबच्याचे रेषेच्या अगदी जवळ. माणसं जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे आहेत : चिमटे एका रेषेत, लांबी कमीजास्त. उंच माणसाचं डोकं थोडं वर जाईल, पोराचं खाली राहील, तेवढाच फरक.

बाकावर बसलात की रेषा खाली येते आणि उभ्या माणसांना कमरेच्या जरा वर कापते. सगळ्यांना तिथंच कापते, जवळच्यालाही आणि लांबच्यालाही. पुलावर गेलात की रेषा सगळ्यांच्या डोक्यावरून जाते. समजा तुमचा डोळा प्लॅटफॉर्मपासून पाच माणसं उंच आहे. मग कुठल्याही प्रवाशाच्या पायांपासून रेषेपर्यंत त्याच्यासारखी पाच माणसं एकावर एक बसली पाहिजेत. तीन बसली तर तो राक्षस, आठ बसली तर बाहुली.

कागदावर करायचं ते असं. आधी रेषा मारा. मग समोरून जाणाऱ्या माणसांची फक्त डोकी रेषेवर ठिपक्यांनी मांडा आणि प्रत्येकाचे पाय कुठं टेकतात तिथं एक आडवी खूण करा. तोंड नको, कपडे नकोत. दहा माणसं, एक मिनिट. खुणा बरोबर पडल्या की तुम्ही न काढलेली जमीनसुद्धा दिसायला लागते. बाजारात हे आठ दिवस केलं तेव्हा माझं तरंगणारं कॅरॅक्टर पहिल्यांदा खाली उतरलं.

तिसरी पायरी : सारखं अंतर

खांब, खिडक्या, फरशा सारख्या अंतरावर असतात, पण लांब जाताना त्यांच्यातलं अंतर आवळत जातं. किती आवळायचं? अंदाजानं केलं तर बहुतेकांचे खांब मध्येच दाटी करतात किंवा शेवटपर्यंत तेवढेच लांब राहतात. याला एक जुनी युक्ती आहे, आणि ती पक्की करायला रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेहून चांगली जागा मला माहीत नाही. खोडं साधारण पाच फुटांवर लावलेली, मधून ठिबकच्या काळ्या नळ्या सरळ लांब गेलेल्या. जमिनीवर रेघा कोणी आखूनच दिल्यात.

पहिलं खोड काढा, दुसरं काढा. खोडं मुळात कमीजास्त उंच असतात, म्हणून सगळी सारख्या उंचीची आहेत असं धरून चाला. दोन्हींचे शेंडे जोडणारी रेघ आणि बुडं जोडणारी रेघ व्हॅनिशिंग पॉइंटपर्यंत न्या. दुसऱ्या खोडाच्या बरोबर मध्यावर ठिपका द्या. आता पहिल्या खोडाच्या शेंड्यापासून त्या ठिपक्यातून तिरपी रेघ खाली ओढा. ती बुडांच्या रेघेला जिथं भेटेल, तिथं तिसरं खोड. दुसऱ्यावरून तिसऱ्याच्या मध्यातून, तिथं चौथं. पट्टी न लावता पाच-सहा वेळा केलं की पुढं डोळाच सांगायला लागतो.

बागेत मालकाला विचारूनच शिरा, आणि मे महिन्यात सकाळी आठच्या आत परत या. आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा यथार्थदर्शन कसलं, नुसता अंधार दिसतो डोळ्यांसमोर.

कोपरे आणि उंची

इमारतीच्या कोपऱ्यासमोर उभे राहिलात की दोन बिंदू लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही त्याच रेषेवर. नवखे लोक हे दोन्ही बिंदू कागदावरच बसवतात, आणि मग घराचा कोपरा सुरीसारखा पुढे येतो. बिंदू कागदाबाहेर जाऊ द्या. मी घरी फरशीवर कागद चिकटवायचो, दोन्ही बाजूंना दोन-अडीच फुटांवर जड पुस्तकाखाली दोऱ्याचं एकेक टोक दाबायचो आणि दोरा ताणून रेघेची दिशा घ्यायचो. आईनं एकदा झाडताना दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट उचलून कपाटात ठेवून दिले होते.

तिसरा बिंदू लागतो तो मान वर किंवा खाली केल्यावरच. जळगावात महापालिकेच्या सतरा मजलीच्या पायथ्याशी उभे राहून वर बघा, उभ्या कडा आत झुकतात. तीच इमारत लांबून, मान सरळ ठेवून बघा, कडा उभ्याच्या उभ्या. म्हणून तिसरा बिंदू वापरायच्या आधी स्वतःला विचारा, इथं कॅमेऱ्यानं मान वर केलीय का? केली नसेल तर उगाच भव्यता आणू नका.

गोल वस्तू

यासाठी बाहेर जायचीही गरज नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीसमोर उभे राहा. डोळ्याच्या उंचीच्या फळीवरच्या डब्याचं झाकण नुसती रेघ दिसतं. त्याखालच्या फळीवर ते चपटं अंडाकृती, आणखी खाली गेलं की जास्त उघडं. रेषेपासून जितकं दूर, तितकं उघडं. पाच फळ्या, पाच डबे, रोज चहा उकळेपर्यंत. बैलगाडीचं किंवा सायकलचं चाकही हाच खेळ आहे, फक्त आडवा : लंबगोलाची आखूड मध्यरेघ नेहमी आसाच्या दिशेनं जाते. हे सांभाळलं नाही तर चाक वाकडं बसल्यासारखं दिसतं.

झटपट स्केचिंग

आता हात सुटा करायचा. मोबाइलवर टायमर लावा. पहिले दहा कागद तीस सेकंदांचे, मग पाच कागद एका मिनिटाचे, शेवटी दोन कागद तीन मिनिटांचे. उलटं करू नका. सुरुवातीलाच तीन मिनिटं मिळाली की माणूस शर्टाच्या गुंड्या मोजत बसतो.

तीस सेकंदांत काय घ्यायचं? आधी डोळ्याची रेषा, तिला एक सेकंद लागतो. मग डोक्यापासून टेकलेल्या पायापर्यंत शरीराचा एकच वळसा, ज्याला लाइन ऑफ अॅक्शन म्हणतात. मग खांद्यांची तिरकी रेघ, कमरेची तिरकी रेघ, आणि वजन कुठल्या पायावर आहे त्या पायाखाली जमिनीची खूण. संपलं. बोटं, नाक, चप्पल यांना वेळ नाही आणि त्यांची गरजही नाही.

ओझं उचलणारी माणसं सगळ्यांत जास्त शिकवतात. केळीची कापणी चालू असते तेव्हा एक जण कोयत्यानं घड कापतो आणि दुसरा तो खांद्यावर झेलतो. झेलल्याच्या क्षणाला बघा : गुडघे एकदम वाकतात, मग सावरतात, ओझ्याचा खांदा वर राहतो, आणि धड घडाच्या विरुद्ध बाजूला कलतं. तसं कललं नाही तर माणूस पडेल. म्हणजे कागदावरही तो कललेला नसेल तर घड कापसाचा वाटेल. अॅनिमेशनमध्ये वजन दाखवणं म्हणतात ते एवढंच. त्या झेलण्याची चार स्केचेस करा : घड येण्याआधी, आल्यावर दबलेला, सावरलेला, पहिलं पाऊल टाकताना. या चार कीपोझ झाल्या. स्टुडिओत पुढं याच शब्दानं काम मागतील.

माझा सगळ्यांत मोठा धडा मात्र चुलीपाशी झाला. मावशीकडे पाहुण्यांसाठी मांडे चालले होते. पुरण भरलेला तो गोळा दोन्ही हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरत जातो आणि मग एका झटक्यात पालथ्या खापरावर जाऊन पडतो. शेजारच्या एक आजी करत होत्या. मी दारात उभं राहून सुरुवात केली, मग कोणीतरी पाट दिला म्हणून बसून उरलेलं काढलं. हात मुद्दाम लांब केले होते, ताण दिसावा म्हणून. चित्र चांगलं झालं असं मला वाटत होतं.

आजींनी हात पुसले, कागद घेतला. "मना हात इतला लांबा शेतस का?" म्हणून हसल्या. मी काही सांगणार तेवढ्यात त्यांनी खापरावर बोट ठेवलं. "हाई खापर पडी जाई ना रे भाऊ."

खरंच पडलं असतं. चूल मी उभ्यानं बघितलेली होती, तिची वरची बाजू पार उघडी दिसत होती. खापर बसल्यावर काढलेलं, त्याची कड चपटी. एका कागदावर दोन डोळ्यांच्या रेषा. पर्स्पेक्टिव्ह हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल, पण खापर चुलीवर नीट बसलंय की नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. लांब हातांबद्दल मात्र पुढं त्या काहीच बोलल्या नाहीत. हालचाल वाढवून दाखवली तर लोक चालवून घेतात, पण बैठक चुकली तर नाही. तेव्हापासून स्केच करताना जागा बदलली की मी कागद बदलतो.

आता चालवा

सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं. सर्वसाधारण चालीत एक पाऊल 12 फ्रेममध्ये, म्हणजे सहा चित्रांत पडतं. म्हातारं माणूस असेल तर 16 ते 20 फ्रेम द्या. पावलातल्या चार जागा : टाच टेकते ती, वजन पडून शरीर खाली बसतं ती, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो ती, आणि शरीर वर उचललं जातं ती. डोकं दुसऱ्या जागी सर्वांत खाली आणि चौथ्या जागी सर्वांत वर असतं. म्हणजे चालणाऱ्याचं डोकं रेषेवर नुसतं टांगलेलं नसतं, रेषेभोवती हलकं झुलत असतं.

माणूस आडवा चालवणं सोपं. समोरून आपल्याकडे येताना सगळे घसरतात. आकार अंतराच्या उलट प्रमाणात बदलतो : अंतर निम्मं, माणूस दुप्पट. समजा 2 मीटरवरचा माणूस तुमच्या कागदावर 24 सेंटिमीटर आहे. मग 4 मीटरवर तो 12, 6 मीटरवर 8, 8 मीटरवर 6 आणि 12 मीटरवर 4 सेंटिमीटर. आकडे नीट बघा. बारा मीटरवरून आठवर येताना तो जेमतेम 2 सेंटिमीटर वाढला, आणि चारवरून दोनवर येताना 12. नवखा माणूस दर वेळी सारखंच वाढवत जातो, आणि मग पडद्यावरचा माणूस आधी धावत सुटतो आणि जवळ येताना ब्रेक लागल्यासारखा होतो. उभ्या माणसाच्या नजरेतून काढत असाल तर हेच आकडे पायांनाही लागतात : डोळे रेषेवर, पाय रेषेखाली साधारण 4, 6, 8, 12, 24 सेंटिमीटरवर. पट्टीनं एकदा आखून त्यावर चालवून बघा.

जनावरं जमायला लागली की दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत जा. घोड्यांचा एवढा मोठा बाजार स्केच करायला रोज मिळत नाही. साध्या चालीत घोड्याचे पाय डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असे पडतात. दुडक्या चालीत तिरकस जोड्या एकदम उचलल्या जातात. चौखूर धावताना चारही पाय हवेत असतात तो क्षण पूर्वीचे चित्रकार पाय पुढं-मागं ताणून दाखवायचे. 1878 साली एडवर्ड मायब्रिजनं अमेरिकेत ओळीनं कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा दिसलं की त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. डोळ्यावर फार भरवसा ठेवू नये, तो असा. म्हणून आधी डोळ्यानं स्केच करा, मग मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन एकेक फ्रेम सरकवा आणि कुठं फसलात ते बघा. आधीच व्हिडिओवरून काढायला लागलात तर हात नक्कल शिकतो, बघायला शिकत नाही.

चाळीसगावला जाणं झालं तर स्टेशनजवळचा केकी मूस यांचा बंगला बघा. ते टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जातात : टेबलावर लहानसहान वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचे. कॅमेरा टेबलाच्या पातळीला आणला, म्हणजे डोळ्याची रेषा खाली गेली, की चिमूटभर वाळू वाळवंट होते. लेआउट, म्हणजे दृश्यातली जागा आणि कॅमेऱ्याची नजर ठरवणं, शिकणाऱ्यानं घरी हा प्रयोग करावाच, काडेपेटीची घरं आणि मिठाचा ढीग पुरतो. उलट बाजू बघायची तर जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर. तिथल्या भित्तिचित्रांत सगळं एका बिंदूला जाऊन मिळत नाही, नजर एका प्रसंगातून दुसऱ्यात फिरत राहते, आणि तरी काही अडत नाही. बिंदूंचे नियम कॅमेऱ्याच्या चित्रासाठी. चित्राला तेवढाच एक रस्ता आहे असं नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. क्रिटा आणि ब्लेंडर दोन्ही फुकट आहेत. क्रिटामध्ये व्हॅनिशिंग पॉइंटला रेघ चिकटवून देणारी सोय आहे, ब्लेंडरमध्ये ग्रीस पेन्सिलनं थ्रीडी खोलीत चित्र काढता येतं. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर फ्लिपाक्लिप पुरेसं आहे. कागदावर निदान पाचशे माणसं टांगून झाल्याशिवाय यांच्या नादी लागू नका, असं माझं मत. क्लासवाले याच्या उलट सांगतील.

राहिली लोकांची अडचण. कोणाकडे एकटक बघून काढायला लागलात की ते अस्वस्थ होतात, बायका तर हमखास, आणि त्यांचं बरोबरच आहे. विचारा. नाही म्हटल्या तर कागद उलटा. झाल्यावर चित्र दाखवा, मागितलं तर देऊन टाका, तीस सेकंदांचं तर आहे. कोंडाळं जमतंच. त्यात एक पोरगा असतोच, जो "मले काढा ना" म्हणत छाती काढून सावधानमध्ये उभा राहतो. त्याला नाही म्हणू नका, पण तसा काढूही नका. पाण्याची भरलेली कळशी किंवा तुमचीच जड पिशवी त्याच्या एका हातात द्या, म्हणा त्या खांबापर्यंत जाऊन ये, आणि टायमर लावा.